नेट स्लो आहे, पण दिरामुळे नाही

पत्र:

नमस्कार. आमच्याकडे घरी २०० एमबीपीएसचा प्लॅन आहे. जाहिरातीत मोठ्या अक्षरात ‘अनलिमिटेड’ लिहिलेलं म्हणून घेतला. मी घरून काम करते, मीटिंग असतात. दुपारी बऱ्यापैकी चालतं पण रात्री नऊची मीटिंग लागली की माझा चेहरा फ्रीज. शिवाय दर महिन्याला २२-२३ तारीख आली की नेट मेल्यासारखं होतं ते एक तारखेपर्यंत. कस्टमर केअरवाले म्हणतात तुमचा १००० जीबी डेटा संपला, आता २ एमबीपीएसच मिळणार. मग अनलिमिटेड काय होतं? मागच्या महिन्यात आम्ही सगळे चार दिवस बाहेर होतो, घराला कुलूप, दोन कॅमेरे तेवढे चालू, तरी त्यांच्या अ‍ॅपवर त्या चार दिवसांत जवळजवळ ९० जीबी वापर दाखवतायत! फसवणूकच ना ही? त्यांनी सांगितलं म्हणून लॅपटॉपला वायर लावून आठ दिवस स्पीड मोजला. दुपारी ९४, ९३, ९४, ९४ असा येतो, रात्री नऊनंतर ३१, २७, ४०, २९. ते म्हणतात ३०० चा प्लॅन घ्या, सगळे प्रॉब्लेम सुटतील. घरात सगळ्यांचं मत असं की धाकटा दीर गेम खेळतो त्यात डेटा जातो, म्हणून मी राउटरमधून त्याचा मोबाइल आणि कॉम्प्युटर ब्लॉक करून टाकलाय, तेव्हापासून तो माझ्याशी धड बोलत नाही. काय करू? ३०० चा घेऊन टाकू का?

— वैतागलेली वहिनी

उत्तर:

ताई, पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाचताना तुमच्यासारखाच कंपनीवर चिडलो, दुसऱ्यांदा पेन्सिल घेऊन आकड्यांखाली रेघा मारत बसलो आणि मग जरा हसू आलं, कारण तुम्ही आठ दिवस जे आकडे लिहून ठेवलेत त्यातच जवळपास सगळी उत्तरं आहेत, फक्त ती तीन वेगवेगळ्या प्रश्नांची आहेत. तुमच्याकडे तीन दुखणी एकदम चालू आहेत, एक तुमच्या घरातल्या वायरीचं किंवा डब्याचं, एक कंपनीचं, आणि तिसरं भिंतीवर लावलेलं. तिन्हीचं लक्षण एकच, ‘नेट स्लो’, मग घरातल्यांनी मिळून जो समोर दिसला त्याला पकडलं.

सुरुवात त्या ९४ पासून करतो कारण हा आकडा बघितल्या बघितल्या ओळखीचा वाटला. खरंच गर्दीमुळे किंवा सिग्नलमुळे स्पीड कमी येत असेल ना तर तो नाचतो, कधी ११०, कधी ७०, कधी १६०. तुमचा दुपारचा स्पीड नाचतच नाही, रोज ९४ ला जाऊन डोकं आपटतोय. म्हणजे तिथे छत आहे. आणि हे छत कंपनीच्या लाइनवर नसतं, ते बहुतेक वेळा राउटरच्या पोर्टवर नाहीतर लॅन केबलमध्ये असतं. जुन्या किंवा स्वस्तातल्या राउटरची लॅन पोर्टं १०० मेगाबिटची असतात, त्यातून २०० जाणारच नाहीत, तुम्ही कितीही पैसे भरा. आता १०० चं ९४ का होतं, तर डेटा जातो पाकिटं करून, प्रत्येक पाकिटावर कुठून आलं कुठे जायचं याचे शिक्के असतात, दोन पाकिटांत थोडी मोकळी जागा सोडावी लागते, असं धरून वायरीवर १५३८ बाइटची जागा अडते तेव्हा त्यातला तुमचा खरा माल साधारण साडेचौदाशे बाइट. करा भागाकार, ९४-९५ टक्के येतात. म्हणून कुठेही रोज ९४ दिसला की आधी पोर्ट बघायचं.

पोर्ट गिगाबिटचं, म्हणजे १००० मेगाबिटचं निघालं तर मग केबल बघा. लॅन केबलच्या आत आठ बारीक तारा असतात, चार जोड्या. गिगाबिटला चारही जोड्या लागतात, १०० ला दोन पुरतात. त्यातली एखादी तार तुटली किंवा टोकाच्या क्लिपमध्ये नीट बसली नाही तर केबल बंद पडत नाही हो, ती काही न बोलता १०० वर उतरते आणि आपल्याला वाटतं सगळं चालू आहे. लॅपटॉपमध्ये नेटवर्कच्या सेटिंगमध्ये लिंक स्पीड म्हणून एक ओळ असते, तिथे १०००/१००० आहे की १००/१०० ते आधी बघा, दोन मिनिटांचं काम आहे. (लॅपटॉपला लॅनचं पोर्ट नसेल आणि यूएसबीचं कन्व्हर्टर लावलं असेल तर तेही १०० चं असू शकतं, तेही बघून घ्या.)

हे एवढ्या ठामपणे सांगतोय कारण मी स्वतः या ९४ वरून एका कंपनीशी तीन आठवडे भांडलोय. तक्रार नंबर झाले, सुपरवायझर झाला, ‘मी सोडणार नाही’ वगैरे बोलून झालं. शेवटी जो पोरगा आला त्याने माझं भाषण शांतपणे ऐकून घेतलं, खाली वाकला, कपाटाच्या पायाखाली चेपलेली केबल ओढून काढली, त्याच्या बॅगेतली दुसरी लावली आणि स्पीड दुप्पट. जाताना म्हणाला, ‘सर, आधी कपाट उचलायचं.’ त्यामुळे कंपनीला काही लिहायच्या आधी तुमचं कपाट उचलून घ्या, नाहीतर पुढच्या खऱ्या तक्रारीत ते हाच मुद्दा तुमच्या तोंडावर मारतील.

जाता जाता एक, फाइल डाउनलोड करताना खिडकीत ११-१२ असा आकडा दिसत असेल तर त्याने घाबरू नका. प्लॅन असतो मेगाबिटमध्ये, डाउनलोडची खिडकी दाखवते मेगाबाइटमध्ये, आठ बिटचा एक बाइट. ९४ ला आठने भागा, पावणेबारा. दोन्हीला लोक ‘एमबी’च म्हणतात आणि कंपन्यांनाही ते सोडवायची घाई नसते.

आता रात्रीचं. इथे मात्र तुमची बाजू बरोबर आहे. वायर लावून, त्याच लॅपटॉपवर, त्याच केबलने दुपारी ९४ आणि रात्री ३० येत असेल तर वाय-फायचा, भिंतींचा, मधल्या खोलीचा काहीही संबंध उरत नाही, त्यामुळे ‘मॅडम राउटर जरा उंचावर ठेवा’ हे ऐकून घेऊ नका. ही गर्दी आहे. घराघरात जी फायबर येते ती बऱ्याच ठिकाणी जीपॉन नावाच्या पद्धतीची असते, त्यात एका फायबरमधून खाली येणारा साधारण २.५ गिगाबिटचा प्रवाह ३२ नाहीतर ६४ घरांत वाटलेला असतो. २५०० भागिले ६४ केलं तर घरटी ३९ येतात. हा भागाकार फक्त अंदाज यावा म्हणून केलाय, ६४ घरं एकाच सेकंदाला पूर्ण जोर लावून कधी ओढत नाहीत, आणि खरी कोंडी बऱ्याचदा त्याच्याही पुढे असते, म्हणजे कंपनीने बाहेरच्या जगाशी जोडणारी जी बँडविड्थ घेतलेली असते तिथे. दुपारी ती पुरते, रात्री आठ ते अकरा सगळे घरी, सगळे व्हिडिओ बघतायत, मग पुरत नाही.

एक लाइन अनेकांत वाटणं हा काही गुन्हा नाही, तसं केलं नाही तर नेट कुणालाच परवडणार नाही. पण वाटून विकायचं आणि जाहिरातीत एकट्याला मिळेल तो आकडा लिहायचा, हे मला खटकतं. तुमच्या जाहिरातीत पुन्हा बघा, २०० च्या मागे किंवा खाली बारीक अक्षरात ‘पर्यंत’ असणार, पैजेवर सांगतो. या ‘पर्यंत’ची गंमत अशी की तो वरचा टोकाचा आकडा सांगतो आणि खालचा सांगतच नाही. २०० पर्यंत म्हणजे १८० पण आणि २७ पण, त्या शब्दात दोन्ही बसतं, आणि वाचणारा मात्र २०० एवढंच डोक्यात घेऊन पैसे भरतो.

हे काही तुमच्या एकट्याचं रडगाणं नाहीये. ब्रिटनमध्ये आधी नियम असा होता की शंभरातल्या फक्त दहा ग्राहकांना जो स्पीड मिळतो तो ‘पर्यंत’ लावून जाहिरातीत छापता येत होता, म्हणजे नव्वद जणांना तो मिळत नाही हे माहीत असून. २३ मे २०१८ पासून तिथे नियम बदलला, आता निम्म्या तरी ग्राहकांना रात्री आठ ते दहा या गर्दीच्या वेळेत जो मिळतो तोच आकडा ‘सरासरी’ म्हणून लिहावा लागतो. मग झालं काय, जे प्लॅन वर्षानुवर्षं ‘१७ पर्यंत’ म्हणून विकले जात होते ते एका रात्रीत ‘सरासरी १०’ नाहीतर ‘सरासरी ११’ झाले. वायर तीच, फक्त जाहिरात खरी बोलायला लागली. ऑस्ट्रेलियातही संध्याकाळी सात ते अकरा मधला नेहमीचा स्पीड सांगा असा तिथल्या ग्राहक आयोगाचा आग्रह असतो आणि तो आयोग २०१८ पासून स्वतःही मोजमाप करून आकडे जाहीर करतो. तिथे नोव्हेंबर २०२२ मध्ये टेल्स्ट्रा, ऑप्टस आणि टीपीजी या तीन कंपन्यांना कोर्टाने मिळून ३ कोटी ३५ लाख ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड केला. कशासाठी, तर ग्राहकांना सांगितलं होतं की तुमच्या लाइनवर प्लॅनएवढा स्पीड येत नसेल तर आम्ही तपासून कळवू, आणि कळवलंच नाही, पैसे मात्र वरच्या प्लॅनचे घेत राहिले. युरोपियन युनियनमध्ये २०१५ च्या नियमानुसार घरच्या नेटच्या करारातच कमीत कमी किती, नेहमी किती, जास्तीत जास्त किती आणि जाहिरातीत किती असे चार आकडे लिहावे लागतात. मला हा नियम सगळ्यात आवडतो. चार आकडे शेजारी शेजारी लिहिले की लबाडीला जागाच कमी राहते.

आता २२ तारखेचं, म्हणजे तुमच्या दिराचं. पत्रात तुम्ही फसवणूक म्हणून जी गोष्ट लिहिलीये ना, कुलूपबंद घरात चार दिवसांत ९० जीबी, ती वाचून मी तर कॅल्क्युलेटरच काढला. ९० जीबी म्हणजे ७,२०,००० मेगाबिट, चार दिवस म्हणजे ३,४५,६०० सेकंद, भागलं तर सेकंदाला दोन मेगाबिटच्या किंचित वर. दिवसरात्र, न थांबता, दोन मेगाबिट. माणसं घरात नाहीत, दीरही नाही. आणि त्याच वाक्यात तुम्ही लिहिताय ‘दोन कॅमेरे तेवढे चालू’. ताई, तेच आहेत ते! एकेका कॅमेऱ्याने सेकंदाला साधारण एक मेगाबिट क्लाउडवर चढवत राहणं ही अगदी नेहमीची गोष्ट आहे, आणि बऱ्याच कंपन्या डेटा मोजताना डाउनलोड आणि अपलोड दोन्ही धरतात, आपण मात्र फक्त काय बघितलं तेवढंच आठवत बसतो.

दोन मेगाबिट ऐकायला काहीच वाटत नाही ना? दिवसाचे २१.६ जीबी होतात. तीस दिवसांचे जवळजवळ ६५०. तुमच्या हजारातले साडेसहाशे रिकाम्या जिन्याचं शूटिंग करण्यात जातायत, उरलेल्या साडेतीनशेत सगळं घर. बाकी घराचा वापर रोजचा वीस-बावीस जीबी धरला तर दोन्ही मिळून त्रेचाळीसच्या आसपास, हजाराला त्रेचाळीसने भागा, २३ दिवस. तुमची २२-२३ तारीख बरोबर तिथेच येते.

आणि गेम. ऑनलाइन गेम खेळताना डेटा फार कमी जातो, कारण चित्र सगळं त्याच्या कॉम्प्युटरवरच तयार होतं, नेटवरून फक्त कोण कुठे पळालं आणि कुणी कुणाला मारलं एवढंच जातं-येतं. बहुतेक गेमना तासाला शंभर-दीडशे एमबी म्हणजे डोक्यावरून पाणी. रोज चार तास खेळला तरी महिन्याला १८ जीबी. नवीन गेम उतरवताना किंवा मोठा अपडेट आला की मात्र एकदम ५०-१०० जीबी जाऊ शकतात, ते त्याला विचारा, पण ते रोज होत नाही. त्या मानाने तुम्ही-आम्ही जे एचडी व्हिडिओ बघतो ते तासाला ३ जीबीपर्यंत जातात, मोठ्या टीव्हीवर फोर-के लावलं तर ७ पर्यंत. म्हणजे घरातला कुणीतरी ‘हा पोरगा डेटा खातो’ म्हणत टीव्हीवर फोर-के लावून तीन तास बसला असेल तर त्याने तेवढ्यात दिराचा महिना संपवलाय.

खात्री करायला माझ्यावर विश्वास ठेवायची गरज नाही. एक दिवस दोन्ही कॅमेऱ्यांचे प्लग काढा, दुसऱ्या दिवशी कंपनीच्या अ‍ॅपवरचा दिवसाचा आकडा बघा. वीस-बावीसने पडला की झालं. मग कॅमेऱ्याच्या अ‍ॅपमध्ये सतत रेकॉर्डिंग बंद करून हालचाल दिसली तरच रेकॉर्ड कर असं सेटिंग लावा, आणि चोवीस तासांचं हवंच असेल तर कॅमेऱ्यात मेमरी कार्ड टाकून त्यावर घ्या, क्लाउडवर नको. पण सेटिंग बदलल्यावर एकदा स्वतः समोरून चालत जाऊन रेकॉर्डिंग होतंय ना ते बघून घ्या, नाहीतर डेटा वाचेल आणि ज्यासाठी कॅमेरा लावला तेच राहून जाईल.

अजून एक गोष्ट तुमच्या लक्षात आली का बघा. हजार संपल्यावर तुम्हाला मिळतात २ एमबीपीएस. अपलोडलाही तेवढेच असतील, आणि कॅमेऱ्यांना लागतात दोन. म्हणजे २३ तारखेनंतर तुमचं सगळं अपलोड ते कॅमेरेच खाऊन टाकतात आणि तुम्ही त्यांच्या मागे रांगेत. साधं पान उघडायचं तरी तुमच्याकडून विनंती वर जावी लागते, पोच वर जावी लागते, तीच अडकते म्हणून तुम्हाला नेट ‘स्लो’ न वाटता ‘मेलेलं’ वाटतं. नुसत्या २ एमबीपीएसवर मेल, मेसेज, आवाजी कॉल आरामात चालायला हवं.

मग कंपनी साव का? अजिबात नाही. डेटा तुम्ही वापरलात हे त्यांचं म्हणणं खरं निघालं तरी ‘अनलिमिटेड’ हा शब्द त्यांनी वापरला तो वापरलाच. २०० च्या स्पीडने सलग डाउनलोड केलं तर तासाला ९० जीबी येतात, हजार जीबी संपायला साधारण अकरा तास पुरतात. म्हणजे पूर्ण स्पीडचा एक दिवसही हा अनलिमिटेड प्लॅन टिकत नाही! त्यांचा युक्तिवाद ठरलेला असतो, नेट बंद कुठे केलं, फक्त हळू केलं, म्हणून अनलिमिटेडच. अमेरिकेत एटी अँड टीने मोबाइलच्या अनलिमिटेड प्लॅनवर हेच केलं होतं, काही ग्राहकांचा स्पीड महिन्यात २ जीबी वापरल्यावरच पाडला जात होता. तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने २०१४ मध्ये केस टाकली, कंपनी पाच वर्षं लढली आणि २०१९ मध्ये ६ कोटी डॉलरवर तडजोड झाली, शिवाय अट अशी की यापुढे मर्यादा ठळक सांगायची, बारीक अक्षरात किंवा लिंकमागे लपवायची नाही. तिथे २०२४ पासून तर नेटच्या प्लॅनला पाकिटावर पोषणाचा तक्ता असतो तसं लेबल लावायला लागतं, स्पीड, डेटाची मर्यादा, सगळे चार्ज एका चौकटीत. भारतात ट्राय या दूरसंचार नियामकाने २०१६ मध्ये कंपन्यांना बजावलं की मर्यादा किती, तोवर स्पीड किती आणि नंतर किती हे स्पष्ट सांगा आणि नंतरचा स्पीडही ५१२ केबीपीएसच्या, म्हणजे साधारण अर्ध्या एमबीपीएसच्या खाली नेऊ नका. नियम जागोजागी वेगळे आहेत, पण मागणी सगळीकडे तीच, बारीक अक्षरातलं मोठ्या अक्षरात लिहा.

तर आता तक्रार. फोन करू नका, फोनवर तुम्ही ओरडता, समोरचा ‘तुमची गैरसोय समजू शकतो’ म्हणतो आणि ठेवल्यावर हातात काही राहत नाही. ईमेल करा नाहीतर अ‍ॅपमधून लेखी टाका. त्याआधी केबल किंवा पोर्टचं निपटवा, आणि मग पुन्हा आठ दिवस मोजा, दुपारी एकदा, रात्री नऊ ते दहामध्ये दोनदा, वायर लावून, कॅमेरे बंद ठेवून, बाकी कुणी काही उतरवत नाहीये ना बघून. मोजताना एक लक्षात ठेवा, स्पीड टेस्टचं अ‍ॅप बहुतेक वेळा जवळचा सर्व्हर आपोआप निवडतं आणि तो कधीकधी तुमच्याच कंपनीच्या आवारात असतो, मग आकडा छानच येणार, गल्लीच्या तोंडापर्यंत रस्ता मोकळा आहे एवढंच त्यातून कळतं. सर्व्हर बदलून दुसऱ्या शहरातला घ्या. शिवाय नेटफ्लिक्सने २०१६ मध्ये काढलेली फास्ट डॉट कॉम नावाची टेस्ट आहे, ती त्यांच्या व्हिडिओच्या सर्व्हरवरूनच मोजते, त्यामुळे व्हिडिओ मुद्दाम हळू केला जात असेल तर तिथे कळतं. दोन्हीचे स्क्रीनशॉट वेळेसकट ठेवा.

मेलमध्ये रडारड नको, एवढंच लिहा: ‘माझा प्लॅन २०० एमबीपीएसचा आहे. सोबत आठ दिवसांचे वायरवर मोजलेले आकडे जोडले आहेत. रात्री आठ ते दहा या वेळेत माझ्या लाइनवर नेहमी किती स्पीड मिळायला हवा आणि कमीत कमी किती, ते लेखी कळवा. माझ्या लाइनचा प्रवाह किती घरांत वाटलेला आहे ते कळवा. १००० जीबीची मर्यादा अर्ज भरताना मला कुठे दाखवली होती त्या पानाची प्रत द्या. स्पीड सुधारणार नसेल तर मुदतीआधी बंद करण्याचा चार्ज न लावता कनेक्शन सोडायची परवानगी द्या.’ शेवटचं वाक्य गाळू नका, माझा अनुभव असा की बाकीच्या वाक्यांना ते छापील उत्तर देतात पण या वाक्यानंतर एखादा खरा माणूस फोन करतो. घरांच्या आकड्याचं उत्तर बहुधा देणार नाहीत, ‘गोपनीय’ म्हणतील, तरी विचारा. आणि उत्तर समाधानकारक नसेल तर तुमच्याकडे जी काही दूरसंचार किंवा ग्राहक तक्रारीची अधिकृत यंत्रणा असेल तिथे हाच मेल पुढे पाठवा, दुसरं काही नवीन लिहायला लागत नाही.

कंपनी बदलायची झाली तर आधी त्याच बिल्डिंगमधल्या, निदान त्याच रांगेतल्या कुणाकडे तरी रात्री साडेनऊला जाऊन त्यांच्या लॅपटॉपवर मोजा. जाहिरात, रिव्ह्यू, लांब राहणाऱ्या मैत्रिणीचं ‘आमच्याकडे मस्त चालतं’, यातलं काही उपयोगाचं नाही, कारण गर्दी त्या त्या लाइनवर असते.

राहिला ३०० चा प्लॅन. नका घेऊ. १०० च्या पोर्टमागे ३०० लावलं तरी ९४ च दिसणार. रात्री लाइनच कोंडलेली असेल तर तिथेही ३० च्या जागी फार तर ३५ येतील. आणि त्याची मर्यादाही हजारच असेल, हे विचारून बघा, कस्टमर केअरवाले ते आपणहून सांगणार नाहीत, तर कॅमेरे २३ तारखेला पुन्हा तिथेच आणून सोडतील. खरं तर कॅमेऱ्यांचं सेटिंग बदलल्यावर तुम्हाला २०० सुद्धा लागतात का मला शंका आहे. मीटिंगला ४-५ एमबीपीएस पुरतात, एका फोर-के टीव्हीला १५ ते २५. रात्री नऊला हमखास ६० देणारा साधा प्लॅन मिळाला तर तुमचं घर त्यावर सुखात चालेल.

केबल उद्या आणली तरी चालेल, मेल या आठवड्यात कधीही करा. दिराचा ब्लॉक मात्र आज काढा, आणि गप्प काढून ठेवू नका, कॅमेऱ्यांचा हा हिशोब त्याला दाखवा. राउटरची पोर्टं कुठली आहेत हे बघायलाही तोच उपयोगी पडेल, गेम खेळणाऱ्या पोरांना हे सगळं आपल्यापेक्षा आधी कळलेलं असतं, कुणी विचारत नाही एवढंच.